कोर्टाबाहेरच्या टेबलावरून सीईटी

पहाटे ४.३०

एप्रिलात परभणीत अभ्यास करायचा तर तो उजाडायच्या आत. दहानंतर पंखा गरम हवाच फिरवतो आणि दुपारी पारा बेचाळीसच्या पुढं गेला की वाचलेलं डोक्यात शिरत नाही. म्हणून गजर साडेचारचा. पण आज नळाची पाळी आहे. शहराला पाणी येलदरीचं, ते काही रोज येत नाही, आणि येतं त्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात. टाकी, बॅरल, घागरी भरता भरता मी इंग्रजीचा उतारा वाचते. पाण्याचा पाईप एका हातात, मोबाईल दुसऱ्या हातात.

मी तीन वर्षांच्या एलएलबीची सीईटी देतेय. बीए होऊन बरीच वर्षं झाली, पदरात दोन लेकरं आहेत आणि जिल्हा न्यायालयाबाहेर टायपिंगचं टेबल आहे. ही परीक्षा राज्याचा सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष घेतो. २०१६ च्या आधी तसलं काही नव्हतं, पदवीचे मार्क दाखवून कॉलेजात अर्ज देता यायचा. आता आधी संगणकावर परीक्षा, मग गुणवत्ता यादी, मग कॉलेज. १२० प्रश्न, १२० गुण, दोन तास. त्यात इंग्रजीचे ४०, सामान्यज्ञान आणि चालू घडामोडींचे ३२, कायद्याचा कल २४ आणि तर्क २४. चुकलं तर मार्क कापत नाहीत, त्यामुळं एकही प्रश्न सोडून उठायचं नाही. इंग्रजी वगळता बाकीचा पेपर मराठीतूनही देता येतो.

म्हणजे मराठी माध्यमाच्या माणसाची खरी लढाई त्या चाळीस मार्कांशी. मी दिवसभर इंग्रजी टाईप करते खरी, पण बोटांना पाठ असणं निराळं आणि अर्थ लागणं निराळं. एका ज्युनिअर वकिलांनी तोडगा सांगितला: औरंगाबाद खंडपीठाच्या निकालपत्रातला रोज एक परिच्छेद वाचायचा, अडलेल्या शब्दांखाली रेघ मारायची आणि तोच परिच्छेद दुसऱ्या दिवशी न अडखळता वाचायचा. क्लासच्या पुस्तकापेक्षा हे बरं. निकालपत्रात निदान एक भांडण असतं, कोण हरलं ते कळेपर्यंत झोप येत नाही.

सकाळी ६.३०

उन्हाळ्यात शाळा सकाळची. दोन डबे, सासूबाईंचा चहा, गोळी, मालकांची भाकरी. ते बी-बियाण्याच्या दुकानात आहेत, खरिपाची गर्दी अजून लागायची आहे म्हणून सध्या घरी जरा हात लावतात. जूनमध्ये तीही सोय नाही.

सासूबाईंचा प्रश्न ठरलेला असतो. "आता शिकून काय जज होतीस का माय?"

जज नाही, नोटरी व्हायचंय. हे मी कुणाला सांगितलं की लोकांचा उत्साह उतरतो. लॉ म्हटलं की ऐकणाऱ्याला काळा कोट, युक्तिवाद, न्याय असलं काहीतरी दिसतं. मला टेबलापलीकडचा तो गोल शिक्का दिसतो. मी चार पानं बिनचूक टाईप करते, त्याचे पानावर पैसे मिळतात. पलीकडं नोटरीसाहेब सही करून शिक्का मारतात, त्यांना त्याहून जास्त मिळतात. हिशेब साधा आहे. तीन वर्षं एलएलबी, मग सनद आणि बार कौन्सिलची परीक्षा, मग वकिली. नोटरीसाठी एरवी दहा वर्षांची वकिली लागते, बाईला सात. सगळं सुरळीत पार पडलं तर पंचेचाळिशीला माझा शिक्का. वयाची अट आड आली असती, पण बार कौन्सिलनं घातलेली ती अट सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्ये स्थगित केली. त्यामुळं आमच्याकडं सीईटीला नुसती पोरं बसत नाहीत. शिक्षक बसतात, पोलीस बसतात, निवृत्तीला टेकलेले कारकून बसतात. नोकरीत राहून वकिली करता येत नाही हे त्यांना ठाऊक असतं, तरी बसतात. कुणाला खात्यातल्या चौकशीत स्वतःची बाजू नीट मांडायची असते, कुणाच्या जमिनीचा दावा भावकीत अडकलेला असतो.

सकाळी १०.१५

टेबल, लॅपटॉप, प्रिंटर, इन्व्हर्टरची बॅटरी, वर ताडपत्री. आवारात पक्षकार यायला लागले की पहिला तास नुसता शपथपत्रांचा.

आजचं पहिलं गिऱ्हाईक गॅप सर्टिफिकेटचं. जिंतूरकडचा पोरगा, बीकॉम होऊन चार वर्षं झालेली, त्यालाही लॉच करायचंय. शिक्षणात खंड पडला की कॉलेज हे शपथपत्र मागतं. मजकूर मला झोपेतही टाईप करता येईल: मी खाली सही करणार, वय अमुक, धंदा अमुक, राहणार अमुक, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, सन अमुक ते सन अमुक या काळात मी कोणत्याही शैक्षणिक संस्थेत प्रवेश घेतलेला नव्हता. पुढं कारण लिहायचं.

"कारण काय लिहू?"

"काय बी लिवा मॅडम."

"काय बी नाही चालत. काय करत होतास?"

तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पोलीस भरती."

परभणीतल्या निम्म्या गॅप सर्टिफिकेटांचं खरं कारण तेच असतं: भरती, तलाठी, एमपीएससी. कागदावर मात्र 'घरगुती अडचणीमुळे' असं जातं. मी 'स्पर्धा परीक्षेची तयारी' असं टाईप केलं. त्यात लपवण्यासारखं काय आहे? आणि शपथपत्रावर खोटं लिहायची सवय लॉच्या प्रवेशापासूनच कशाला लावून घ्यायची!

त्याला फुकटात आणखी एक गोष्ट सांगितली, जी मी हल्ली लॉवाल्या प्रत्येकाला सांगते. दहावीचं मार्कशीट, आधार आणि पदवीचं प्रमाणपत्र शेजारी शेजारी ठेव आणि नाव अक्षर अक्षर ताडून बघ. याच्या आधारवर वडिलांचं नाव पूर्ण, मार्कशीटवर नुसतं आद्याक्षर. आत्ता बदलायला गेला तर वेळेत होईल. यादी लागल्यावर बदलायला गेला असता तर रडला असता.

दुपारी १२

शेजारी झेरॉक्सचं मशीन चालवणारी माझी मैत्रीण. लॉ करायचं ही कल्पना मुळात तिची. सीईटीची पहिली जाहिरात तिनंच दाखवली होती, पुस्तकं दोघींनी मिळून घेतली होती.

तिचं बारावीत असताना लग्न झालं, परीक्षा राहिली. पुढं मुलं मोठी झाल्यावर तिनं नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून आधी पूर्वतयारीचा अभ्यासक्रम केला, मग बीए केलं. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ चं. राहून गेलेल्या बायकांना पदवीपर्यंत आणणारं ते एक दार, मराठवाड्यात अशा कितीतरी जणी आहेत. बीएला तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क. पण बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमात पाचव्या नियमाखाली एक स्पष्टीकरण आहे: बारावीची मूळ पात्रता न मिळवता मुक्त विद्यापीठातून थेट पदवी घेतलेल्याला लॉला प्रवेश नाही. बारावी बाहेरून केलेली चालते, पदवी पत्राद्वारे घेतलेली चालते. बारावी मधून गाळलेली चालत नाही.

हे तिला फॉर्म भरताना कळलं नाही. परीक्षेचा फॉर्म कुणालाही भरता येतो, कागद तपासतात ते प्रवेशाच्या वेळी. एका वकिलांनी सहज विचारलं, बारावी कधीची, आणि तिथंच विषय संपला.

मला हा नियम कळतो आणि पटत नाही. दहावीनंतर बारावी, बारावीनंतर पदवी ही शिडी चढायला ज्यांना कुणी अडवलं नाही, त्यांनी तो लिहिला आहे. पूर्वतयारी करून बीए होणाऱ्या बाईनं बारावीच्या पोरापेक्षा कमी वाचलेलं नसतं. पण पटत नाही म्हणून नियम बदलत नाही. तिनं सतरा नंबरचा फॉर्म भरून बारावी बाहेरून देऊन टाकली तर काय, असं आम्ही एका वकिलांना विचारलं. ते म्हणाले, आधी पदवी आणि मागून बारावी, हे कुणी मान्य करेल असं मी सांगू शकत नाही. ती आता माझ्या नोट्सच्या झेरॉक्स काढते आणि पैसे घेत नाही. मी देते, ती परत पाकिटात घालते.

दुपारी २

डबा. ज्वारीची भाकरी, कांदा, शेंगदाण्याची चटणी. लिंबाखाली तीन-चार ज्युनिअर वकील बसतात, ते जेवताना माझी तोंडी घेतात. हा माझा क्लास, फी नाही.

"केशवानंद भारती?"

"२४ एप्रिल १९७३. तेरा न्यायमूर्ती, सात विरुद्ध सहा. घटनेची मूलभूत चौकट."

"मोफत विधी साहाय्य?"

"अनुच्छेद ३९ अ. बेचाळिसावी घटनादुरुस्ती, १९७६. कायदा १९८७ चा, लागू ९ नोव्हेंबर १९९५."

"कोल्हापूरचं सर्किट बेंच?"

"१८ ऑगस्ट २०२५."

"चारसोबीस?"

"आता ३१८."

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि इथल्या सगळ्यांची पाठांतरं एका रात्रीत जुनी झाली. खून ३०२ चा १०३ झाला, फसवणूक ४२० ची ३१८. गंमत म्हणजे यात माझ्यासारखीचा फायदा. वकिलांना जुनं विसरून नवं शिकावं लागलं, मला विसरायला काही नव्हतंच. जुनी प्रकरणं अजून जुन्याच कलमांनी चालतात, त्यामुळं टाईप करताना दोन्ही लागतात.

पाठांतर मला जमतं. कठीण जातात ते 'तत्त्व आणि प्रसंग'वाले प्रश्न. वर एक तत्त्व देतात, खाली एक प्रसंग, आणि उत्तर त्या तत्त्वालाच धरून द्यायचं. समजा तत्त्व असं की, दुसऱ्याच्या जमिनीत परवानगीशिवाय पाऊल टाकलं की अतिक्रमण, नुकसान झालं नाही तरी. प्रसंग असा की, एकाचा बैल दावं तोडून पळाला, तो धरायला मालक शेजाऱ्याच्या धुऱ्यावरून आत गेला. अतिक्रमण झालं का? परीक्षेत उत्तर 'हो'. टेबलावर बसून इतकी वर्षं धुऱ्याची भांडणं टाईप केल्यावर मनात येतं, बैल होता की नव्हता, पंचनाम्यात काय आहे, दोघांची आधीची दुश्मनी किती जुनी? ते सगळं बाजूला ठेवायचं. प्रश्नात नाही ते जगातच नाही, असं धरून चालायचं. हे वळण लागायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

अनुच्छेद २१ आला की लिंबाखाली कुणी पटकन पुढचा प्रश्न विचारत नाही. १० डिसेंबर २०२४ ला परभणीत रेल्वे स्टेशनसमोर, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, मग धरपकड. अटक झालेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी होता, परभणीत लॉ शिकणारा. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना तो गेला. त्याच्या आईनं दाद मागितली, औरंगाबाद खंडपीठानं जुलै २०२५ मध्ये गुन्हा नोंदवायला सांगितलं, सरकार सुप्रीम कोर्टात गेलं आणि ३० जुलैला तिथंही तो आदेश कायम राहिला. पुस्तकात 'जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क' एका मार्काला आहे. या गावात लॉला जाणाऱ्यानं तेवढ्यावर भागवू नये.

दुपारी ३.१५

वडील आले, पालमहून, सिनियरच्या अर्ध्या तिकिटावर. हातात कॅरीबॅग, तिच्यात प्लॅस्टिकचं फोल्डर, फोल्डरमध्ये त्यांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा. तो हातात घेऊन मी आधी तारीख पाहिली: १९६१.

आता इथं जरा थांबून सांगायला हवं, कारण लॉच्या प्रवेशाचा अर्धा जीव याच कागदात आहे. मी ओबीसी. जातीचं प्रमाणपत्र कॉलेजात असतानाचं आहे, पण बीएला कुणी व्हॅलिडिटी मागितली नव्हती. लॉ व्यावसायिक अभ्यासक्रम, इथं मागतात. जात पडताळणी समितीसमोर घराण्याचा पुरावा एका ठरावीक तारखेच्या आधीचा लागतो: अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७. वडिलांचं नाव पहिलीत १९६१ ला घातलेलं, म्हणजे आम्ही बसलो. जिल्हा परिषदा १९६२ च्या, त्याच्याही आधीची ही शाळा. रजिस्टरचा कागद इतका जीर्ण की मुख्याध्यापकांनी उतारा हातानं लिहून खाली सही-शिक्का दिला.

बाईमाणसाचं आणखी वेगळं. लग्न होऊन नाव बदललं, गाव बदललं, रेशनकार्ड बदललं. जात मात्र माहेरची, आणि नॉन-क्रीमिलेअरला उत्पन्नही आई-वडिलांचं बघतात, नवऱ्याचं नाही. त्यामुळं मालकांच्या पगारपत्रकाचा इथं काही उपयोग नाही, आणि सत्तरीच्या म्हाताऱ्याला मुलीच्या शिक्षणासाठी तलाठी सज्जाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. वर विवाह नोंदणीचा दाखला, दोन्ही नावांची बाई एकच आहे हे दाखवायला.

उतारा वाचला आणि अडकलेच. शाळेत वडिलांच्या नावापुढं 'बा' आहे, सातबाऱ्यावर 'राव'. साठ वर्षांत माणूस 'बा'चा 'राव' झाला याचं वडिलांना कौतुक. समितीला नाही वाटणार.

"मग आता कसं?"

"एक शपथपत्र करू. दोन्ही नावं तुमचीच म्हणून."

"बापाकडून बी पैशे घेतीस का?"

वंशावळ मात्र मी स्वतः टाईप केली. खापरपणजोबापासून माझ्यापर्यंत, चौकटी आणि रेघा, चुलत्यांच्या शाखा डावीकडं. इतक्या लोकांच्या वंशावळी टाईप केल्यात की सीईटीच्या तर्कातले नात्यांचे प्रश्न मला सोपे जातात. फोटोतल्या माणसाकडं बोट दाखवून कुणी म्हणालं, 'याच्या आईच्या एकुलत्या एक भावाची मुलगी', तर मी मनात चौकट आखते आणि उत्तर समोर येतं. पुस्तकात ज्यावर दहा पानं खर्ची घातलीत, ते मला गिऱ्हाइकांनी शिकवलं.

वडिलांच्या मागं आणखी तिघं उभे होते, सगळे जुन्या नोंदी शोधत निघालेले. २ सप्टेंबर २०२५ ला मराठ्यांच्या कुणबी दाखल्यांसाठी हैदराबाद गॅझेटचा शासन निर्णय निघाला, तेव्हापासून ही रांग हटलेली नाही. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, त्यामुळं जुना कागद निघाला तरी तो उर्दूत नाही तर मोडीत. वाचणारा शोधा, लिप्यंतर करा, मग माझ्याकडं या. यातल्या एकाची मुलगीही लॉच्या सीईटीला बसतेय. एसईबीसी टाकावं, कुणबी टाकावं, ईडब्ल्यूएस टाकावं की ओपन, असं तो विचारत होता. मी म्हणाले, हातात आज जो कागद आहे तेच टाका. उद्या मिळणाऱ्या कागदावर फॉर्म भरू नका.

संध्याकाळी ५

कोर्ट सुटायच्या वेळेला एक गृहस्थ आले, मुलगी बारावी झालेली. 'लॉची परीक्षा' असं त्यांनी ऐकलेलं, कोणती ते माहीत नाही. गोंधळ नेहमीचा आहे, म्हणून टाईप करून ठेवलेला कागदच देते. क्लॅट वेगळी, ती राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी. डिसेंबरात होते, सगळी इंग्रजीत, चुकीला पाव मार्क कापतात. आपल्याकडं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला अशी विद्यापीठं आहेत, फी जड. राज्याची सीईटी वेगळी. बारावीनंतर पाच वर्षांची, पदवीनंतर तीन वर्षांची, दोन्हींचे फॉर्म वेगळे. त्यातून परभणीचं शिवाजी विधी महाविद्यालय, नांदेडचं नारायणराव चव्हाण, लातूरचं दयानंद, संभाजीनगरचं माणिकचंद पहाडे अशी कॉलेजं मिळतात. मुलीचं इंग्रजी पक्कं असेल आणि पैशाची सोय असेल तर क्लॅट द्या, नाही तर सीईटी. दोन्ही दिल्या तरी कुणी अडवत नाही.

इथल्याच एका वकिलांची भाची अमेरिकेत एलसॅट देतेय. ती फोनवर सांगत होती, तिकडं सामान्यज्ञान विचारतच नाहीत, नुसतं तर्क आणि उतारे. कोडी होती तीही ऑगस्ट २०२४ पासून काढून टाकली. पण अर्जाबरोबर आपली ओळख सांगणारा निबंध द्यावा लागतो. मी ऐकून गप्प राहिले. मी कोण, मला वकील का व्हायचंय, हे या सगळ्या कागदांत मला अजून कुणी विचारलेलं नाही. आजोबा कोण हे मात्र तीन ठिकाणी विचारलंय.

रात्री ९.३०

स्वयंपाक, भांडी, लेकरांचा अभ्यास, सासूबाईंचे पाय. मधल्या तासांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, कोणत्याही बाईला विचारा.

आता सराव परीक्षा. मोबाईलवर दोन तास सलग, घड्याळ लावून, मध्ये उठायचं नाही. क्रम ठरवून घेतलाय. आधी तर्क, कारण तिथं हात चालतो. मग कायदा, मग सामान्यज्ञान, कारण तिथं एक तर येतं नाही तर येत नाही, विचार करून काही निघत नाही. राहिलेला सगळा वेळ इंग्रजीला. शेवटची पाच मिनिटं उरलेल्या गोलांत काहीतरी निवडायला. इथं माझ्या वकील मास्तरांशी मतभेद आहे. ते म्हणतात, इंग्रजी आधी, डोकं ताजं असताना. ते इंग्रजी माध्यमाचे आहेत. अवघड विषयानं सुरुवात केली की पुढच्या सोप्या प्रश्नांवरही हात थरथरतो, हे ज्याला झालंय त्यालाच कळतं.

परीक्षा मला जमेल. परभणी-नांदेडच्या कॉलेजांत जागा मिळवायला १२० पैकी शंभर लागत नाहीत, हे इथं सगळ्यांना माहीत आहे. माझ्या टेबलावरून दरवर्षी जी माणसं लॉपासून परत जातात, ती प्रश्नांमुळं जात नाहीत. कुणी नोंदणीची तारीख चुकवतं, कारण जाहिरात हिवाळ्यात निघते आणि तेव्हा लॉचं कुणाच्या डोक्यात नसतं. कुणाचं नॉन-क्रीमिलेअर ३१ मार्चला संपलेलं असतं आणि ते तेच जुनं अपलोड करतं. ऑनलाईन छाननीत त्रुटी निघते, दुरुस्तीला मोजके दिवस मिळतात, त्या दिवसांत सर्व्हर चालत नाही किंवा साहेब दौऱ्यावर असतात, आणि आरक्षणातलं नाव ओपनच्या यादीत जाऊन पडतं. व्हॅलिडिटीच्या अर्जाची पावती काही काळ चालवून घेतात, कायम नाही. क्लासवाले प्रश्नसंच विकतात. कागदांचा क्लास कुणी काढलेला नाही.

तेव्हा पुढच्या वर्षी ज्यांना बसायचंय त्यांच्यासाठी. दिवाळीच्या सुट्टीत घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या शाळेत जाऊन प्रवेश-निर्गम उतारा काढून ठेवा, रजिस्टर फाटायच्या आत. ओबीसी, व्हीजेएनटी, एसईबीसी यातले असाल तर नॉन-क्रीमिलेअर एप्रिल उजाडताच नवं काढा, ईडब्ल्यूएसचंही तसंच. लग्न झालेल्या मुलींनी माहेरचे कागद माहेरातच राहू देऊ नयेत, एक संच स्वतःजवळ ठेवावा. मुक्त विद्यापीठाची पदवी असेल तर पुस्तकं घ्यायच्या आधी बारावीचं बघा. आणि परभणीत असाल तर कोर्टाबाहेर या. शपथपत्र टाईप करायचे पैसे लागतात. कोणता कागद कमी आहे ते सांगायचे लागत नाहीत.